संकटकाळचा साठा लपतो काय?

पावसाळ्याच्या तोंडी घरोघरी बेगमी करून ठेवण्याची आपली चाल जुनी आहे. जोंधळा वाळवून कणगीत पडतो, डाळी उन्हे खाऊन डब्यांत जातात, पापड, कुरडया, लोणची, सरपण, गोवऱ्या यांची चार महिन्यांची तजवीज होते. उद्याच्या अडचणीसाठी आज थोडे बाजूला काढून ठेवणे हा शहाणपणा आहे, याविषयी कोणाचेही दुमत असणार नाही. परंतु नेहमीच्या पावसाळ्याहून मोठे संकट जेव्हा येते, म्हणजे भूकंप होतो, महापूर लोटतो, युद्धात शहरास वेढा पडतो, किंवा दुष्काळाने बाजारच ओस पडतो, तेव्हा या शहाणपणाला आणखी एक विचार येऊन चिकटतो. तो असा की, आपल्याजवळ काय आहे हे कोणास कळू देऊ नये. साठा गुप्त ठेवावा, म्हणजे तो आपल्याच माणसांस पुरेल. हा विचार पुष्कळांच्या मनात येतो, आणि त्याच्या मुळाशी दुष्टपणाच असतो असेही नाही. लेकराबाळांची काळजी असते. म्हणून त्याची थट्टा न करता, तो व्यवहारात कितपत टिकतो, हे या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम साध्या मापाचा हिशेब करू. पाच माणसांचे एक कुटुंब घ्या आणि त्याच्यापुढे एक महिन्याची अडचण आहे असे समजा. दाणा व डाळ मिळून माणशी रोज अर्धा किलो धरले, तर महिन्यास ७५ किलो होतात. एवढे एका कणगीत सहज मावेल. पण पाण्याचे काय? भूकंपाशी नित्य गाठ असलेल्या जपानात, माणशी रोज ३ लिटर पाणी जवळ असावे असे सरकार लोकांस सांगते. त्या मापाने आमच्या कुटुंबास महिन्याला ४५० लिटर पाणी लागेल. म्हणजे १५ लिटरांची घागर धरली तर तीस घागरी. शिवाय सरपण, मीठ, तेल, आगपेट्या आणि औषधे आहेतच. हे सर्व घरात आणावयाचे कसे? ज्या वाण्याकडून पोती उचलली, त्यास ते कळले. ज्या हमालाने ती पाठीवरून आणली, त्यास कळले. समोरच्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेल्या आजीबाईंस तर सर्वांच्या आधी कळले. गुप्त गोष्ट षट्कर्णी झाली, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या कानी गेली, की ती फुटलीच असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर साठा उंबऱ्याच्या आत येण्यापूर्वीच त्याची वार्ता दहाबारा कानांपर्यंत पोहोचलेली असते. संकट दाराशी आल्यावर खरेदीस निघालेल्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर होताच किराणा दुकानांपुढे ज्या झुंबडी उडाल्या, त्यांत पुढच्याने किती पिशव्या भरल्या हे मागच्या प्रत्येकाने पाहिले.

तरीही साठा कोणाच्या नकळत घरात आला असे क्षणभर मानू. खरी अडचण पुढेच आहे. साठा नुसता पडून असतो तोवर तो मुका असतो. परंतु तो वापरू लागताच बोलू लागतो, आणि वापरावयाचा नसेल तर त्याचा उपयोगच काय? झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण जेवावयास बसताना ती मूठ उघडावीच लागते.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी एक साधा नियम लक्षात ठेवावा. एखादी वस्तू आपल्या दृष्टीस पडते ती बहुधा भोवतालच्या वस्तूंहून वेगळी असते म्हणून. हिरव्या पानावरचा हिरवा किडा दिसत नाही. तोच पांढऱ्या भिंतीवर बसला की चटकन दिसतो. एरवी गावात शंभर घरांतून धूर निघतो, तेव्हा एका घराच्या धुराकडे कोण पाहतो? परंतु नव्व्याण्णव चुली थंड असताना शंभराव्या घरावर धूर दिसला, तर तो साऱ्या गावास दिसतो. घरातील वस्तू त्याच, धूरही तोच. बदललेले असते ते भोवतालचे जग. मोठ्या संकटानंतर लपणे म्हणजे इतरांसारखे दिसणे. आणि साठा तर माणसास इतरांहून वेगळे करण्यासाठीच भरलेला असतो. साठा लपविण्याच्या साऱ्या अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

आता एकेका इंद्रियाचा विचार करू. पहिले नाक. कांद्या-लसणाची फोडणी तेलात पडली की तिचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर दूरवर जातात, हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. उपाशी माणसाचे घ्राणेंद्रिय अधिक तीक्ष्ण होते, असे शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतही दिसून आले आहे. भूक लागली असता शरीरात जे द्रव्य वाढते, तेच वास हुंगण्याची शक्तीही वाढविते. त्यातून भूकंपानंतर माणसे घरात नसतात. ती मैदानात, रस्त्याच्या कडेस, उघड्या आभाळाखाली राहतात. अशा वेळी बंद दाराआड शिजणाऱ्या भाताची बातमी दारापेक्षा खिडकीच्या फटीच आधी देतात.

दुसरा डोळा. वीज गेलेल्या शहरातील काळोख आपल्या नेहमीच्या रात्रीसारखा नसतो. पूर्ण अंधारात मेणबत्तीची एक ज्योत नुसत्या डोळ्यास किती अंतरावरून दिसेल, याचा हिशेब २०१५ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी केला. तेव्हा ते अंतर सुमारे अडीच किलोमीटर भरले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १ सप्टेंबर १९३९ पासून, इंग्लंडात रात्रीचे दिवे झाकण्याची सक्ती झाली. शत्रूच्या विमानांपासून शहर लपवावे यासाठी सारी प्रजा मनापासून झटत होती, दंडाची भीतीही होती. तरी कोठे पडद्याची कड सरकली, कोठे दार उघडे राहिले, म्हणून पहारेकऱ्यांस रोज रात्री गल्लोगल्ली फिरून लोकांस बजवावे लागे. सर्व राष्ट्र एका मनाने प्रकाश लपवीत असता जे पुरते साधले नाही, ते एका घरास महिनाभर कसे साधणार?

तिसरा कान. वीज नसली की पिठाची गिरणी बंद पडते. ज्याने पोतेभर ज्वारी लपविली, त्यास ती दळावी लागते. म्हणजे जाते आले, आणि पहाटेच्या शांततेत जात्याची घरघर तीन घरे पलीकडे ऐकू जाते. जाते नसेल तर उखळ-मुसळ आले, त्याचा धपधप आवाज त्याहून मोठा. वीज निर्माण करणारे यंत्र ज्याने घरी आणून ठेवले असेल, त्याच्या यंत्राची धडधड तर साऱ्या आळीस जागे ठेवते. याखेरीज उकिरडा आहे. जेथे कोणाच्याच घरी काही शिजत नाही, तेथे टाकलेले टरफल, रिकामा डबा, चुलीतील ताजी राख, मोरीतून वाहिलेले खरकटे पाणी, ही सर्व जणू लिहून ठेवलेली पत्रे होत. ती वाचावयास अक्षरओळख लागत नाही.

मग साठा जमिनीखाली पुरला तर? आमच्या वाडवडिलांनी हा उपाय फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. दख्खनच्या गावांतून धान्य साठविण्यासाठी पेवे असत. तोंड अरुंद, पोट मोठे, असा खड्डा कोरड्या व घट्ट जमिनीत खणून, त्यास आतून कडबा किंवा गवत लावून त्यात ज्वारी भरीत, आणि वर दगड व माती लिंपून तोंड बंद करीत. आत हवा शिरली नाही तर किडा जगत नाही, आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. ही युक्ती अतिशय शास्त्रशुद्ध होती. पण तिनेही गुप्तता साधत नसे. एकदा खणलेली माती पूर्ववत घट्ट बसत नाही. तीवर पाणी ओतले तर ते भराभर मुरते, आणि पुरलेले शोधून काढणारांस ही खूण ठाऊक असे. पेवात प्राणवायू उरलेला नसल्यामुळे ते उघडताच आत उतरणे जिवावर बेतते. प्रथम वारा खेळू द्यावा लागतो, आणि आत उतरणारास वरून धरणारी माणसे लागतात. एकदा पेव उघडले की हवेने धान्य बिघडू लागते, म्हणून ते बहुधा सगळेच उपसावे लागते. पसाभर काढून पुन्हा झाकले असे होत नाही. शिवाय पेवातल्या ज्वारीस एक विशिष्ट वास लागतो, आणि तो भाकरीतही उतरतो. एखाद्या गोष्टीचा सर्वत्र सुळसुळाट झाला म्हणजे तिचे 'पेव फुटले' असे आपण म्हणतो. पेवाच्या गुप्ततेविषयी मराठी भाषेने मनात बाळगलेली समजूत या एका वाक्प्रचारावरून कळून येते. जमिनीखालचा साठा संकटात हाती लागेलच असाही भरवसा नसतो. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध होती. २००५ सालच्या कृष्णेच्या महापुराचे पाणी त्यांत शिरून त्यांची फार हानी झाली.

येथवर आम्ही निर्जीव खुणांचा विचार केला. परंतु सर्वांत मोठी खूण माणसाच्या अंगावरच असते. याचे अत्यंत दारुण उदाहरण सोव्हिएत सत्तेखालील युक्रेन देशात १९३२-३३ साली घडले. तेथे सरकारने शेतकऱ्यांकडून धान्याची अशी सक्तीची वसुली केली की लाखो माणसे अन्नावाचून मेली. ७ ऑगस्ट १९३२ रोजी एक कायदा झाला. त्यान्वये सामुदायिक शेतातील थोडी कणसे उचलणारासही दहा वर्षे कैद किंवा देहान्त शिक्षा होऊ शके. वसुली करणाऱ्या टोळ्या हाती लोखंडी सळया घेऊन घरोघर फिरत. अंगणातील भुसभुशीत माती, भट्टीमागची पोकळी, भिंती, गवताच्या गंजी, मुलांचे पाळणे, काहीही त्यांनी टोचून पाहावयाचे सोडले नाही. लपविलेले धान्य दाखवून देणारास त्यातला वाटा मिळे; त्यामुळे शेजाऱ्याचा डोळाच शेजाऱ्यास भिववू लागला. दीर्घ उपासमारीत माणसाचे हातपाय व तोंड सुजते. ज्या घरातील माणसे सुजलेली नाहीत, त्या घरी काहीतरी लपविलेले असलेच पाहिजे, असा तर्क ते शोधणारे करीत व पुन्हा झडतीस येत. त्या शेतकऱ्यांस आम्ही यत्किंचितही दोष देत नाही. त्यांचेच धान्य त्यांच्यापासून हिरावले जात होते, आणि ते लपविणे हा त्यांचा हक्क होता. आम्हांस दाखवावयाचे आहे ते इतकेच की, इतक्या न्याय्य कारणासाठी, प्राणपणाने लपविलेला दाणाही पुष्कळदा लपला नाही. कारण तो खाल्ल्याने जो जीव वाचला, त्या जिवानेच त्याची साक्ष दिली.

आणि मुले? आमच्या विद्यार्थ्यांनी रागावू नये, परंतु घरातील गुप्त गोष्ट बाहेर जाण्याची वाट बहुधा त्यांच्या मुखातूनच असते. हा मुलांचा दोष नव्हे, गुण आहे. जेवण झाले काय असे कोणी विचारले तर जे झाले ते मूल सांगते. खिशात शेंगदाणे असले तर मित्रापुढे मूठ करते. साठा लपवावयाचा असेल तर आईबापांस पहिले काम हे करावे लागते की, मुलास खोटे बोलावयास शिकवावे, पोट भरले असता भुकेचे सोंग आणावयास लावावे, आणि शेजारच्या बाकावर बसणाऱ्या सोबत्यास घास देऊ नये असे बजवावे. संकट महिन्याने ओसरते. पण त्या महिन्यात शिकलेला हा धडा किती वर्षे टिकेल, याचा विचार पालकांनी करावयास हवा. साठ्याची किंमत मोजताना हा आकडा कोणी हिशेबात धरीत नाही.

लपविण्याचा आणखी एक परिणाम असा की, त्याने संशय पसरतो, आणि संशय पुष्कळदा टंचाईपेक्षा वेगाने धावतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हे स्पष्ट दिसून आले. तांदळाचे भाव चढू लागताच ज्याच्याजवळ होते त्याने ते आवरून धरले; कोणी नफ्यासाठी, कोणी केवळ भीतीने. त्या वर्षीच्या जून महिन्यात सरकारने गावोगाव दडविलेला तांदूळ शोधण्याची मोहीम काढली, आणि कलकत्ता व हावडा ही शहरे मात्र प्रारंभी तीतून वगळली. दुष्काळ थांबेल एवढे साठे त्या मोहिमेत काही सापडले नाहीत. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे १५ लाख दिला. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. कोठे किती तांदूळ आहे हे कोणासच खात्रीने ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरी तो असल्याचे मानीत होता, आणि स्वतःजवळचा अधिकच घट्ट धरीत होता.

त्याच काळातील मुंबईचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. धान्याची तूट मुंबईसही होती. ब्रह्मदेशाचा तांदूळ जपानी आक्रमणामुळे तिलाही मिळेनासा झाला होता. परंतु १९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात शिधापत्रिकेची पद्धत सुरू झाली. माणशी किती धान्य मिळावयाचे हे ठरले, ते पत्रिकेवर लिहिले गेले, आणि रांगेतील प्रत्येकास पुढच्याचे माप दिसू लागले. ते माप पोटभर होते असे नाही, आणि काळा बाजारही नाहीसा झाला नाही. तथापि शहर तगले. कलकत्त्यास ही पद्धत १९४४ च्या आरंभी आली, आणि तोपर्यंत तिकडे व्हावयाचा तो अनर्थ होऊन गेला होता. मुंबई वाचण्यास इतर कारणेही असतील. परंतु उघडा हिशेब हे त्यांतील एक मोठे कारण होते असे आम्हांस वाटते.

साठा मुळीच न लपविता तो राखता येतो काय, असा प्रश्न यावर कोणी करील. त्याचे उत्तर रशियातील लेनिनग्राड शहराने दिले आहे. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस, त्या शहरास जर्मन सैन्याचा वेढा होता. त्या पहिल्या हिवाळ्यात कित्येक आठवडे मुलांस व घरी बसणाऱ्यांस दिवसाकाठी अवघी १२५ ग्रॅम पाव मिळे. त्या शहरात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर हिंडून जमविलेल्या बियाणांचा मोठा संग्रह होता. गहू, तांदूळ, भुईमूग, बटाटे, अशा खाण्याजोग्या वस्तू त्यात कितीतरी होत्या. वाविलोव्ह स्वतः १९४० सालीच कैदेत पडले होते, आणि जानेवारी १९४३ मध्ये ते कैदेतच वारले. मागे राहिलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासून तो संग्रह पाळीपाळीने पहारा करून राखला. तांदळाचे संग्राहक दिमित्री इवानोव हे उपासमारीने मेले, तेव्हा त्यांच्या ताब्यातील तांदळाच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या. त्या इमारतीत काय आहे हे तेथील प्रत्येक कर्मचाऱ्यास ठाऊक होते. तो संग्रह अंधाराने राखला नाही. ते बियाणे उद्याच्या सर्वांचे आहे, या एका समजुतीने राखला. एवढा त्याग सामान्य घरांकडून कोणी अपेक्षू नये. पण माहिती असलेल्या माणसांपासूनच साठ्यास धोका असतो, हे जे आपण गृहीत धरतो, ते नेहमी खरे नसते, एवढे यावरून दिसते.

आता एका रास्त शंकेचा विचार करू. साठा उघड केला तर लुटारू येणार नाहीत काय? १९६३ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्तींचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, एन्रिको क्वारंटेली, व त्यांचे सहकारी यांनी पुष्कळ भूकंप, पूर व वादळे यांनंतर लोक प्रत्यक्ष कसे वागले ते पाहिले. त्यांस असे आढळले की, नैसर्गिक आपत्तीनंतर लूट होते त्याहून तिची भीतीच मोठी असते, आणि बहुतेक माणसे परस्परांच्या मदतीस धावतात. दंगल आणि दीर्घ दुष्काळ यांची गोष्ट वेगळी आहे. परंतु अचानक आलेल्या संकटात पहिला हात शेजाऱ्याचाच असतो. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानच्या कोबे शहरी भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांस घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जाड भिंताडे कोसळली, आणि माणसांबरोबर घराघरांतील धान्यही मातीखाली गेले. त्या पहाटे कोणत्या भिंतीखाली कोण निजले होते, हे शेजाऱ्यासच ठाऊक होते. ज्याच्यापासून आपण कणगी लपवावयाची, त्याच्याच हातातील पहारीवर आपला जीव अवलंबून असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री पाण्यातून चालत निघालेल्या हजारो अनोळखी माणसांस लोकांनी दारे उघडून चहा, बिस्किटे व निजावयास जागा दिली, हे त्या शहरात अजून सांगितले जाते.

मग साठा करूच नये काय? अवश्य करावा, फक्त साठा आणि साठेबाजी यांतील भेद ओळखावा. सुबत्तेच्या दिवसांत थोडे थोडे भरून ठेवणारा कोणाच्या तोंडचे काढून घेत नाही. उलट संकटाच्या दिवशी तो दुकानाच्या रांगेत उभा राहत नाही, म्हणून त्याची जागा दुसऱ्या गरजूस मिळते. संकट आल्यावर भराभर कोंबणारा मात्र इतरांचे कमी करूनच आपले वाढवितो. जपानात प्रत्येक घरी निदान तीन दिवसांचे, आणि जमल्यास आठवड्याचे, अन्नपाणी असावे असे सांगतात. आठवड्याच्या मापाने पाहिले तर आमच्या पाच माणसांच्या कुटुंबास साडेसतरा किलो धान्य व १०५ लिटर पाणी पुरेल; ते लपविण्याइतके मोठे नाही, आणि जमविण्याइतके अवघडही नाही. त्यातले जुने आधी वापरून नवे भरीत गेले की काही वाया जात नाही. ज्या आळीत प्रत्येकाच्या घरी आठ दिवसांचे आहे, तेथे कोणाचाच धूर वेगळा दिसत नाही. लपविण्याचा हाच एक खात्रीचा मार्ग आम्हांस सापडला: शेजाऱ्यासही बेगमी करावयास लावणे! ज्यांस ती परवडत नाही अशांसाठी आळीचा एक सामाईक साठा असावा.

जपानी लोकांनी नेमके हेच केले आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोकियो व योकोहामा ही शहरे भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाली. एक लाखाहून अधिक माणसे दगावली. तो दिवस आता तेथे दरवर्षी आपत्तीच्या तयारीसाठी पाळतात. गावोगावच्या शाळांच्या आवारांत व बागांत लहान कोठारे असतात. त्यांत अन्न, पाणी, कांबळी, पहारी, मोठी पातेली ठेवलेली असतात. दारावर ठळक अक्षरांत फलक असतो, आणि किल्ली कोणाकडे आहे हे वस्तीस ठाऊक असते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांस मोकळे केले, ही कथा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते कोठारही सर्वांस ठाऊक असलेलेच होते. फक्त ते उघडणारा माणूस हवा होता. दामाजीपंतांसारखा माणूस सुदैवाने भेटेल म्हणून वाट पाहण्यापेक्षा, किल्लीची व्यवस्था आधीच लावून ठेवणे बरे.

याचा अर्थ आपल्या डब्यांची मोजदाद चव्हाट्यावर करावी असा नव्हे. परक्यापुढे घरातले सांगत सुटणे हा भाबडेपणा होय, आणि मिरविणे हा त्याहूनही वाईट. न बोलणे आणि खोटे बोलणे यांत पुष्कळ अंतर आहे, एवढेच आमचे सांगणे. कोणत्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणास रोजचे औषध लागते, कोणाच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे, मोठे पातेले कोणाकडे आहे, अशी एक यादी प्रत्येक आळीने शांततेच्या दिवसांत करून ठेविली, तर तिचा उपयोग भिंतीत चिणलेल्या पोत्यापेक्षा खचित अधिक होईल.

सुट्टीत घरी गेल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनी एक काम अवश्य करावे. १९७२ सालचा दुष्काळ आठवणारी वडीलधारी माणसे अजून घरोघर आहेत. गावात पेव कोठे होते, ते केव्हा उघडले, त्या वर्षी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी व कामावरची सुकडी कशी लागे, आणि कोणाच्या घरून कोणास काय गेले, हे सारे त्यांस विचारावे व वहीत उतरून काढावे. त्या माणसांस कोणी काय लपविले होते हेही आठवत असेल; तेही विचारावे. उत्तर ऐकल्यावर, आपल्या घरी व आपल्या आळीत काय करावयाचे, ते आईबापांसह बसून ठरवावे.